काजवे, तोत्तोचान आणि आमची रझाकारी

आवडती पुस्तकं आणि आवडते सिनेमे कोणते असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. पंचाहत्तरीच्या बाईने 'श्यामची आई' म्हणावं, 'संत तुकाराम' म्हणावं, फार तर 'मृत्युंजय' म्हणावं, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. ती नावं माझ्याही यादीत आहेतच. पण गेल्या काही वर्षांत त्या यादीत जपानी नावं घुसली आहेत, आणि ती नातीच्या कृपेने. मी आपलं सवयीने 'कार्टून' म्हटलं, तर म्हणाली, "आजी, कार्टून नाही गं, ॲनिमे!" बरं बाई, ॲनिमे.

तर आज त्या यादीबद्दल लिहिते आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे यादीला सनावळी चिकटणारच. सनावळीचा कंटाळा असणाऱ्या भाच्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद खुशाल गाळावेत. (मात्र फोन केला की मी त्यातलंच विचारणार, हे लक्षात असू द्या.)

जपान आम्हा औरंगाबादकरांना (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, जिभेला अजून वेळ लागतो) तसा परका नाही. शाळेच्या सहली घेऊन अजिंठ्याला गेले की तिथे जपानी माणसं हमखास दिसायची. ती पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर हात जोडून स्तब्ध उभी, आणि आमची मुलं मागे एकमेकांना गुद्दे घालण्यात दंग! पुढे वाचनात आलं की हे नातं जुनं आहे. नारा इथल्या होर्यूजी मंदिराच्या भिंतींवरची चित्रं आणि अजिंठ्याची चित्रं यांतलं साम्य तिकडच्या अभ्यासकांना केव्हाच दिसलं होतं. अराई काम्पो नावाचा चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास इथे आला आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी लेण्यांच्या अंधारात बसून चित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रती जपानला गेल्या आणि १९२३ च्या मोठ्या भूकंपात जळाल्या. त्याआधी मेजर गिलच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आणि ग्रिफिथ्सच्या कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या होत्या. होर्यूजीची मूळ चित्रंसुद्धा २६ जानेवारी १९४९ ला आगीने करपली. आमचा अजिंठा मात्र आहे अजून. त्याच्या जतनासाठी १९९० च्या दशकापासून जपानने कर्जही दिलं.

पण जपानी चित्रं आमच्या घरात आली ती १९९३ मध्ये, रविवारी, दूरदर्शनवर. 'जंगल बुक'! निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली ही मालिका. हिंदीतलं गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे बघा, लेखक इंग्रज, जंगल सिवनीचं (आपल्या नागपूरच्या पलीकडचंच), चित्रं जपानी आणि वाघ मुरुड-जंजिऱ्याचा. हे सगळं जपानी आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. मुलांना मोगली आपला वाटला, बास.

जपानी रामायणाची गोष्ट जरा निराळी. युगो साको हे माहितीपट करणारे गृहस्थ. प्रा. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला ते १९८३ मध्ये इकडे आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. जपानीत मिळाली तेवढी रामायणं वाचून काढली. ॲनिमे करायचं म्हटल्यावर इकडून शंका: परदेशी माणसाने रामाचं कार्टून करायचं म्हणजे काय? विश्व हिंदू परिषदेने गैरसमजातून जपानी वकिलातीला निषेधाचं पत्र पाठवलं, सरकारनेही विषय नाजूक म्हणून हात आखडता घेतला. शेवटी चित्रपट जपानमध्येच झाला. सोबत आपले राम मोहन होते, संगीत वनराज भाटियांचं आणि संस्कृत गीतं वसंत देवांची. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. तेव्हा बाबरी मशीद पडून जेमतेम महिना झाला होता; कोण लावणार होतं तो थिएटरात! पुढे पोरांनी तो कार्टून नेटवर्कवर पाहिला आणि २४ जानेवारी २०२५ ला, साको गेल्यानंतर तब्बल १३ वर्षांनी, तो भारतभर थिएटरात लागला. हिंदी, तमीळ, तेलुगू आणि इंग्रजीत. मराठीत का नाही, हे मात्र विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो. मला त्यातला रावण पडल्यानंतरचा राम आवडतो. विजयाचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर फारसा नाही. मेलेल्या सैनिकांकडे, दोन्ही बाजूंच्या, तो बघतो आहे. आपल्या टीव्हीवरच्या रामायणात धूर, शंख आणि फुलं इतकी असायची की मेलेली माणसं दिसतच नसत.

असो. आता यादीतल्या वरच्या दोघांकडे येते.

'तोत्तोचान' माहीत नसलेला मराठी शिक्षक मिळणं कठीण. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ ला आलं. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी इतकं आपलंसं करून आणलं की वाचताना भाषांतर आहे हे आठवत नाही. आगगाडीच्या डब्यांतली शाळा, मुलीचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी... आमच्या शिक्षक प्रशिक्षणात त्या शाळेचं इतकं कौतुक व्हायचं की पुस्तकातलं युद्ध सगळे विसरून जायचे. ते आहे पण त्यात, आणि ते पुढच्या दाराने येत नाही. स्टेशनवरचं गोळ्यांचं यंत्र रिकामं राहायला लागतं. डब्यात खायला कमी कमी येतं. आणि १९४५ मध्ये बाँब पडून ती शाळा जळते. २०२३ च्या डिसेंबरात याच पुस्तकावर ॲनिमे चित्रपट आला. नातीने मला लॅपटॉपवर दाखवला. चित्रपट पुस्तकाइतका हसरा नाही, पण मला जास्त आवडला. पुस्तकात ज्याच्यावरून माझी नजर घसरली होती ते चित्रांनी थांबवून दाखवलं.

आणि मग 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. काजव्यांचं थडगं. १९८८ चा, इसाओ ताकाहाता यांचा. १४ वर्षांचा सैता आणि चार वर्षांची त्याची बहीण सेत्सुको. जून १९४५ मध्ये कोबे शहरावर अमेरिकी विमानं आगीचे बाँब टाकतात, आई मरते, बाप आरमारात. मुलं नात्यातल्या एका बाईकडे जातात. ती दुष्ट नाही, पण भात वाढताना हात आखडतो. मुलं रुसून एका पडक्या आसऱ्यात राहायला जातात आणि भुकेने मरतात. हे मी फोडून सांगत नाहीये, सिनेमाच पहिल्या मिनिटात सांगून टाकतो. तारीखही सांगतो, २१ सप्टेंबर १९४५. म्हणजे युद्ध संपून महिना उलटला होता तेव्हा!

मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ ची. त्यांची स्वतःची लहान बहीण त्या वर्षी उपासमारीने गेली होती आणि कथेतल्या सैताइतके आपण तिच्याशी चांगले वागलो नाही ही खंत त्यांना होती. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामाच्या बाँबहल्ल्यातून वाचलेले. म्हणून तर आगीचे बाँब छपरावर पडल्याचा आवाज कसा येतो, ते कसे घरंगळतात, हे त्यांच्या चित्रांत बरोबर उतरलंय. आणि तरी ते म्हणत, हा युद्धविरोधी सिनेमा नाही. मला आधी ते कळेना. मुलं मेली, आता आणखी काय विरोध करायचा राहिला? मग एकदा लक्षात आलं. आपली मेलेली मुलं दाखवून कुणाचंही युद्ध थांबत नाही. उलट 'बघा, आमच्या मुलांचं काय केलं' म्हणून पुढचं सुरू होतं.

तेरा वर्षांच्या पोरीला असलं कशाला दाखवायचं, यावरून आमच्या घरात जरा शब्दाला शब्द झाला. सूनबाई म्हणाल्या, "आई, कशाला रडवता तिला?" मी म्हटलं, "आम्हाला शाळेने रांगेत नेऊन 'श्यामची आई' दाखवला होता. सगळा वर्ग रडला. गुरुजीसुद्धा." अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला. त्यात आई मरते आणि ती मरणार हे पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मुलांनी रडू नये हे खूळ अलीकडचं. शेवटी नातीने पाहिला. रडली. मग बराच वेळ गप्प बसून तिने विचारलं, "आजी, जपानने पण कुणावर बाँब टाकले असतील ना?"

तिच्या या प्रश्नामुळे माझ्या यादीत एक जुना सिनेमा वर सरकला. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', व्ही. शांताराम, १९४६. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले (नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते). जपानने चीनवर चाल केली होती, नानकिंगमधल्या कत्तलीला वर्षही झालं नव्हतं. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. पथकातले एकटे तेच परतले नाहीत. ख्वाजा अहमद अब्बासांनी त्यावर लिहिलं, शांतारामबापूंनी सिनेमा केला आणि कोटणीस स्वतः रंगवले. नाट्य जरा जास्तच आहे, हे खरं. पण हा सिनेमा आणि काजव्यांचा सिनेमा लागोपाठ पाहिला, तर सैताचा बाप आरमारात होता म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पडतोच. सैताला बापाचा अभिमान आहे. त्याचं वय १४, त्याने दुसरं काय करावं? पण त्या बापाच्या सैन्याने ज्या गावांवरून वरवंटा फिरवला तिथेही चार वर्षांच्या सेत्सुको असणारच. त्या ताकाहातांच्या चित्रात नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याला सोलापूरच्या डॉक्टरकडे जावं लागतं.

आता एवढं जपान-चीन केल्यावर घराकडे न बघणं बरं दिसणार नाही.

सैता गेला त्या तारखेला तीन वर्षं पुरी व्हायला चार दिवस कमी असताना, १७ सप्टेंबर १९४८ ला, आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. दरवर्षी शाळेत झेंडावंदन व्हायचं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यावर मुलं पाठ केलेली भाषणं म्हणायची. रझाकारांनी काय केलं ते मराठवाड्यातल्या घराघरांत माहीत आहे. लातूरच्या वकिलाची, कासिम रझवीची, ती फौज. जाळलेली गावं, लुटलेली घरं, गोर्ट्याची कत्तल. आमच्याकडे वर्षसुद्धा तसंच मोजत, "अमका रझाकारीत जन्मला". माझ्या आईचं माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातलं. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. रात्रीतून बैलगाडीने बार्शीकडे पळालेली माणसं होती ती. बार्शी तेव्हा मुंबई इलाख्यात, हद्दीच्या पलीकडे. गाडीत काय काय घेतलं, कोणतं भांडं राहिलं, हे ती पन्नास वर्षांनंतरही पाठ म्हटल्यासारखं सांगायची.

तिची गोष्ट बार्शीला संपायची. परत आल्यावर काय, असं विचारलं तर म्हणायची, "आलो की परत." एकच गोष्ट मधूनच निघायची. गल्लीच्या टोकाला मणियाराचं घर होतं. त्यांची मुलगी आईच्या बरोबरीची, दोघी सागरगोटे खेळायच्या. "परत आलो तर घराला दारं नव्हती," एवढंच. माणसं कुठे गेली? "गेली." कुठे? "गेली म्हणजे गेली, काय सारखं विचारतेस!" आणि मग लग्नकार्यात कुठे बांगड्या भरायला बसली की हात पुढे करून म्हणायची, त्या मणियारणीचा हात फार हलका होता, एक बांगडी फुटायची नाही.

पाठ्यपुस्तकातला धडा हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं इथे संपायचा. आईचं 'गेली' हे त्या पूर्णविरामाच्या पुढचं आहे. पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि पाच दिवसांत आटोपली. त्यानंतरच्या आठवड्यांत हैदराबाद संस्थानात मुसलमानांवर सूड उगवला गेला, त्यात रझाकारांशी ज्यांचा काही संबंध नव्हता असे हजारो बळी पडले. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्यासोबत काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते गावोगाव फिरले. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं दिली. मेलेल्यांचा अंदाज सावधपणे धरला तरी २७ ते ४० हजार, असं लिहिलं. आकड्यावरून अभ्यासकांत वाद आहेत. त्याच अहवालात, शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. सरकारने तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच केला नाही. ए. जी. नूरानी यांच्या २०१३ च्या पुस्तकात तो पुरा छापलेला आहे. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी वाचावा.

काही नातेवाईक आता म्हणणार, हे कशाला उकरायचं, त्यांनी आधी केलं नव्हतं का? केलं होतं. वर लिहिलंच आहे आणि ते खोडायची गरज नाही. माझी आई रात्री गाडीत बसून पळाली हे खरं आणि सागरगोटे खेळणाऱ्या मुलीच्या घराला दारं नव्हती हेही खरं. दुसरं सांगितलं म्हणून पहिलं खोटं पडत नाही. खुद्द आईलाही ते तसं वाटत नसणार, नाहीतर तो हलका हात तिला आठवला नसता.

याच्यावर सिनेमा कुठे आहे? पंजाबच्या फाळणीवर आपण 'तमस' केला. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींची मालिका, दूरदर्शनवर जानेवारी १९८८ मध्ये आली. म्हणजे काजव्यांचा सिनेमा तिकडे लागला त्याच्या तीनच महिने आधी. बंद करा म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि चालू ठेवायला सांगितलं, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. आम्ही ती शेजाऱ्यांकडे जाऊन पाहिली. त्या चार-पाच रात्री गल्ली सुनसान असायची. तशी मालिका आमच्या वाट्याला आली नाही. 'रझाकार' नावाचे सिनेमे निघाले, २०१५ मध्ये मराठीत, २०२४ मध्ये तेलुगूत. मला हवा आहे तो सिनेमा यांतला एकही नाही.

पुस्तकं त्या मानाने बरी. अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे माझ्या कपाटात हाताला येईल असं ठेवलेलं असतं. लढ्यातला माणूस, वर 'मराठवाडा'चा संपादक, त्यामुळे भाषा धावते. नरहर कुरुंदकरांचं 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' त्याच्याशेजारी. कुरुंदकर आधी शाळामास्तर, म्हणून मला ते अधिक जवळचे (ते गेले आमच्याच शहरात, १० फेब्रुवारी १९८२ ला, भाषण करता करता). आणि तिसरे सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे, निजामाच्या नोकरीतले अधिकारी, उर्दू-फारसी पाण्यासारखं येणारे. 'जीवनसेतू' हे त्यांचं आत्मचरित्र मी तीनदा वाचलंय. राजवट पडताना कचेरीत बसलेल्या माणसाला काय दिसतं, हे वाचायचं तर पगडीच वाचावेत. रागाने लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासारखं माहितीने लिहिणारे कमी.

नातीला हे सगळं अजून दिलेलं नाही. मराठी वाचते, पण अडखळत. मे महिन्याच्या सुट्टीत येईल तेव्हा आधी 'तोत्तोचान' मराठीतून मोठ्याने वाचायचं असं आमचं ठरलंय, रोज दोन प्रकरणं, दुपारच्या जेवणानंतर. कोटणीसांचा सिनेमा तिने आधीच शोधून ठेवलाय. मणियाराच्या घराबद्दल तिला फोनवर सांगितलं होतं. तिने लगेच विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं?" आईने ते कधी घेतलंच नव्हतं.

आमच्या आईच्या माहेरची, धाराशिवकडची मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती. आईच्या वयाचं कुणी हयात असेल आणि ते नाव कुणाला आठवत असेल तर मला कळवा. आणि माझं 'जीवनसेतू' ज्यांनी दिवाळीत "दोन दिवसांत देतो" म्हणून नेलं आहे, त्यांनी ते आणून द्यावं. मुखपृष्ठाला खाकी कव्हर आहे, आत माझी सही आहे.